मागच्या काचेवरचा चिखल: जांबोटीकडच्या मुरमाच्या रस्त्यावरच्या नोंदी

गाडी २०१३ ची छोटी हॅचबॅक, सगळ्यात खालचं मॉडेल, मागे वायपर नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून जांबोटीकडे जाताना डांबरी सोडून आत साडेचार किलोमीटर मुरमाचा रस्ता, मध्ये दोन साकव, हा माझा रोजचा मार्ग. मी गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचं काम करतो. गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ती वेळ हुकली की पुढच्या माजापर्यंत साधारण २१ दिवस थांबायचं आणि तेवढे दिवस त्या घरचं दूध पुढे ढकललं जातं. त्यामुळे पाऊस असो, अंधार असो, जावंच लागतं. डिकीत द्रव नायट्रोजनचं कंटेनर बांधलेलं असतं, आत उणे १९६ अंश. दुचाकीवर पावसात ते नेणं मी दोन वर्षांपूर्वी सोडलं.

असल्याच रस्त्यावर असलीच गाडी घेऊन फिरणारे या भागात पुष्कळ आहेत. त्यांचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून, मागच्या काचेवर चिखल बसू नये यासाठी २०२५ च्या पावसाळ्यात केलेल्या खटपटीच्या या नोंदी लिहून ठेवतो आहे.

२६ जून

आज जे झालं त्यावरूनच हे काम हातात घेतलं.

संध्याकाळी सात वाजता एका अंगणात गाडी मागे घेत होतो. मागच्या काचेवर तांबड्या चिखलाचा असा थर होता की आरशात नुसता उजेड दिसत होता, आकार काही नाही. दोन्ही बाजूंच्या आरशांत अंगण मोकळं दिसलं. तेवढ्यात आज्जी ओरडल्या, "डॉक्टर, थांबा! मागं वासरू हाय!" मी ब्रेक दाबला तोवर बंपर वासराला लागला होता. वासरू गुडघ्यावर बसलं आणि लगेच उठलं. पाय चाचपून पाहिले, सूज नव्हती, चालत होतं. पंधरा दिवसांचं वासरू, बरोबर मधोमध उभं होतं, आरशांना न दिसणाऱ्या जागेत. त्याच जागी आज्जींची नात उभी असती तर? परतीच्या वाटेवर दुसरा विचार डोक्यात आला नाही.

घरी येऊन टॉर्च लावून पाहिलं. मागचे दिवेही निम्मे झाकलेले. म्हणजे मागून येणाऱ्यालाही माझा ब्रेक लागलेला धड दिसत नव्हता.

२९ जून

सगळे जे करतात तेच आधी करून पाहिलं. काचेवर पाणी न ठरू देणारं लिक्विड ३५० रुपयांना आणलं, काच धुवून, वाळवून, दोन हात लावले. निम्म्या काचेला मुद्दाम लावलं नाही, फरक कळावा म्हणून.

जाऊन येईपर्यंत लिक्विड लावलेली बाजू जास्त वाईट दिसायला लागली. कारण पाहिल्यावर पटलं. पुढच्या काचेवर थेंब गोळा होतो आणि समोरचा वारा त्याला ढकलून वर पळवतो. मागच्या काचेवर तसा ढकलणारा वारा नाही. थेंब गोळा होऊन जागच्या जागी बसतो, वाळतो आणि प्रत्येक थेंबाचा एक तांबडा टिपका उरतो. लिक्विड न लावलेल्या बाजूला निदान पातळ सारखा थर होता, त्यातून धूसर का होईना दिसत होतं.

बटाटा कापून चोळायचा उपायही केला. नुसत्या पावसाच्या पाण्यात काच थोडी बरी दिसते. चिखलापुढे त्याचं काही चालत नाही.

३ जुलै

आज कारण सापडलं, तेही दुसऱ्याच कामात.

एका गोठ्यासाठी रबराच्या दोन मॅट न्यायच्या होत्या. त्या डिकीत मावेनात, म्हणून डिकी अर्धी उघडी ठेवून दोरीने बांधली आणि निघालो. डांबरीवर दहा मिनिटांत गाडीत धुराचा वास भरला. काचा खाली केल्या तर वास वाढलाच. पुढे मुरमाच्या रस्त्यावर दोन किलोमीटर गेल्यावर थांबून मागे पाहिलं तर मॅटवर, कंटेनरच्या झाकणावर आणि मागच्या सीटच्या पाठीवर चिखलाचे बारीक शिंतोडे. सीटची पाठ! गाडी पुढे चालली आहे, चिखल मागे उडायला हवा, तो पुढे येऊन सीटवर बसला होता.

म्हणजे गाडीच्या ढुंगणामागची हवा गाडीच्या मागोमाग पुढे ओढली जाते. सायलेन्सरचा धूर तीच आत आणते आणि चिखलही तीच आणते. डिकी बंद असली की सीटच्या जागी काच.

डिकी उघडी ठेवून कुणी लांब जाऊ नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही, माणूस सुस्त होतो आणि त्याला वाटतं दमलोय. माझं डोकं रात्री अकरापर्यंत जड होतं.

६ जुलै

बेळगावात इंजिनिअरिंगला असलेला भाचा रविवारी आला. त्याला सीटवरचे शिंतोडे दाखवले. तो म्हणाला, "मामा, लोकर आण. हवा कुठून कुठे जाते ते डोळ्यांनी बघू." ४० रुपयांची पांढरी लोकर आणि ६० रुपयांची चिकटपट्टी आणली. बोटभर लांबीचे तीस धागे कापले. काचेवर सहा-सहाच्या चार ओळी, तीन धागे छताच्या मागच्या काठावर, तीन खाली नंबर प्लेटच्या वर.

पहिला प्रयत्न पाण्यात गेला, अगदी शब्दशः. निघालो आणि सर आली. ओले धागे काचेला चिकटून बसले. तासभर पेट्रोल पंपाच्या छताखाली थांबून ते पुसून वाळवले. दुपारी उघडीप मिळाली तेव्हा डांबरीवर गेलो. भाचा मागच्या सीटवर उलटा बसून मोबाइलवर चित्रण करत होता, मी वेग सांगत होतो.

२० च्या वेगाला धागे लोंबत होते, मधूनच हलत होते. ३० ला काचेवरचे धागे उचलायला लागले. ४० ला जे दिसलं ते मी घरी पाच वेळा लावून पाहिलं. छताच्या काठावरचे तीन धागे सरळ मागे ताठ, जणू कुणी ओढून धरलेत. त्यांच्या चार बोटं खाली, काचेवर, सगळे धागे उलटे, टोकं आभाळाकडे, आणि फडफडत होते. वाऱ्याने खाली वाकलेला एकही नाही. नंबर प्लेटच्या वरचे तीन एका दिशेला ठरतच नव्हते, नुसते गरगरत होते.

भाच्याने अंगणात काडीने रेघा ओढून समजावलं. छतावरून येणारी हवा काठापर्यंत छताला धरून येते. पुढे आमची काच एकदम उभी खाली जाते. हवेला तेवढं वळता येत नाही, ती सुटून सरळ मागे निघून जाते. तिच्याखाली, गाडीच्या पाठीला, कमी दाबाची पोकळी राहते. ती भरायला गाडीखालून आलेली हवा वर वळते आणि काचेवर येऊन चढते. मागची चाकं नेमकी त्या हवेच्या वाटेत पाणी उडवत असतात. जड गोळे तिथेच खाली पडतात. धुक्यासारखे बारीक थेंब हवेबरोबर वर येतात.

काचेचा उतार किती, यावर सगळं आहे असंही तो म्हणाला. १९८४ मध्ये अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारीच्या ढोबळ आकाराचा ठोकळा घेऊन त्याच्या मागच्या उताराचे कोन बदलत प्रयोग केले होते. आडव्या रेषेपासून साधारण ३० अंशांपर्यंत हवा उताराला धरून खाली येते, त्याहून उभा उतार झाला की सुटते. मोबाइलमधल्या कोनमापकाने आमची काच मोजली, ६२ अंश. मेव्हण्याची डिकीवाली सेडान दारातच होती, तिची काच २७ अंश. तिलाही दहा धागे लावले. ४० च्या वेगाला सगळे धागे काचेवर खालच्या दिशेला शिस्तीत झोपलेले! तिची काच त्याच रस्त्यावरून जाऊन आली तरी बरीच स्वच्छ का राहते, हे मला गेली चार वर्षं कळत नव्हतं.

१० जुलै

काय केल्याने किती फरक पडतो हे डोळ्यांच्या अंदाजावर ठरवायचं नाही असं ठरवलं. बेळगावच्या शहापुरातल्या सराफ मित्राकडून ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा मागून आणला.

आधी सुती फडकी मोजून घेतली, काच पुसली, फडकी वाळवून पुन्हा मोजली. आकडे वेडेवाकडे. एकदा तर चिखल पुसल्यावर फडकं हलकं भरलं. तीन दिवस यात गेले. या दिवसांत आमच्याकडे घरातलं मीठसुद्धा ओलं होतं. फडकं हवेतली ओल पिणार आणि सोडणार, त्यात एखाद-दुसरा ग्रॅम चिखल कसा कळणार?

मग काच धुवून ते पाणी परातीत धरलं आणि गाळ बसायची वाट पाहिली. सकाळी पाणी तसंच तांबूस. खानापूरची माती कौलांना आणि मडक्यांना नावाजलेली आहे ती याच बारीकपणामुळे, ती पाण्यात रात्रभर तरंगत राहते. तुरटी फिरवल्यावर गाळ बसला, पण वरचं पाणी ओतताना थोडा गेलाच.

शेवटी ठरलेली रीत अशी: पागोळीचं अर्धा लिटर पाणी, मऊ ब्रश, काचेखाली परात. धुतलेलं सगळं पाणी गॅसवर आटवायचं, शेवटचं वाटीभर आधी मोजलेल्या स्टीलच्या वाटीत कोरडं होईपर्यंत. विहिरीचं पाणी घेऊ नका, त्यातले क्षार वाटीत उरतात आणि चिखलात मोजले जातात. एका मापाला पाऊण तास लागतो. सौ.ने गॅसची वेगळी शेगडी मागच्या पडवीत काढून दिली.

१३ जुलै

तेच साडेचार किलोमीटर, पाऊस थांबून अर्धा तास झालेला, रस्ता ओला. प्रत्येक फेरीआधी काच स्वच्छ.

१५ च्या वेगाने १८ मिनिटं लागली, काचेवर ०.४ ग्रॅम. ३० च्या वेगाने ९ मिनिटं, १.९ ग्रॅम. निम्मा वेळ गाडी रस्त्यावर आणि चिखल जवळपास पाचपट. काचेच्या खालच्या निम्म्यात दाट, वर जाताना कण बारीक होत गेलेले, अगदी वरच्या कडेला पिठासारखे.

एक चूक सांगून ठेवतो. आधी मी सोमवारची फेरी आणि बुधवारची फेरी शेजारी मांडत होतो. रस्ता रोज वेगळा असतो, एका डंपरने सगळी डबकी बदलतात. आता ज्या दोन गोष्टींची तुलना करायची त्या एकाच सकाळी, आणि दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून.

भर पावसात काच कमी घाण होते असंही दिसलं. पाऊस थांबला आणि रस्ता ओला राहिला, की तो तास सगळ्यात वाईट.

१९ जुलै

छताच्या काठावर पत्रा लावून वरची हवा काचेवर खाली वळवायची, हा विचार धागे पाहिल्यापासून डोक्यात होता. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून १ मीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद ॲल्युमिनियमचा पत्रा हलकी गोलाई देऊन आणला, ४२० रुपये. गाडीला भोकं पाडायची इच्छा नव्हती, म्हणून २८० रुपयांची जाड डबल टेप घेतली. छत पुसलं, टेप लावली, रात्रभर दाबून ठेवलं.

२२ जुलै

पत्रा उडाला. डांबरीवर ५० च्या आसपास वेग होता, "फट्" असा आवाज झाला आणि मागे पत्रा हवेत गिरकी घेत भाताच्या खाचरात पडला. माझ्या मागे तेव्हा कुणी नव्हतं. दोन मिनिटांआधी एक जोडपं लहान मुलाला घेऊन स्कूटरवरून माझ्या मागे होतं, वळणावर ते दुसरीकडे गेलं होतं. मी गाडी बाजूला घेऊन बराच वेळ बसून राहिलो. स्वतःची काच साफ राहावी म्हणून मी दुसऱ्याच्या मानेवर पत्रा सोडला असता.

टेपने बाहेरून पत्रा लावू नका. छतावर पॉलिशचा थर असतो, पावसाळ्यात ओल असते, आणि हवा पत्र्याला सतत वर उचलत असते.

२९ जुलै

नागपंचमी. आज जमीन खणायची नाही, नांगरायची नाही, त्यामुळे रस्त्यावर ट्रॅक्टर नाहीत. मीही गाडीला हात लावला नाही. दोन गाई भरवल्या, एवढंच काम.

३ ऑगस्ट

खानापुरातल्या मेस्त्रींना सगळी हकीकत सांगितली. ते काचेकडे बघायलाच तयार नाहीत. चाकाशी बसले आणि म्हणाले, "चिखल जिथनं निघतोय तिथं धरा की. ट्रकवाले काय लावतात बघा."

मागच्या चाकांना चिखल अडवणारे कंपनीचे फ्लॅप होते, पण तळहाताएवढे. घरी पडलेल्या ट्रकच्या ट्यूबचे तुकडे कापून लावले, खर्च काही नाही. परिणामही काही नाही, १.८ ग्रॅम. भाच्याने खिडकीतून हात बाहेर काढून चित्रण केलं तर ३० च्या वेगाला ट्यूबचा तुकडा आडवा होऊन उडत होता, चाकामागे काही अडवतच नव्हता.

मग गोठ्याच्या मॅटचा उरलेला तुकडा लावला. तो वाकत नाही, पण जड. दुसऱ्या दिवशी साकवाच्या अलीकडच्या खड्ड्यात डावा फ्लॅप स्क्रूसकट निघाला, आतलं प्लास्टिकचं अस्तर फाडून.

९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. ताई राखी बांधायला आली, भाचा बरोबर. जेवण झाल्यावर आम्ही दोघं गाडीखाली.

मेस्त्रींनी खडी क्रशरच्या जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचा तुकडा मिळवून दिला, ३०० रुपये, चारही चाकांना पुरेल एवढा. साधारण ६ मिलिमीटर जाड, आत कापडाचे थर. हा वाऱ्याने आडवा होत नाही आणि दगड लागला तर वाकतो. रुंदी २२ सेंटिमीटर घेतली. टायर साडेपंधरा सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वातीन-सव्वातीन सेंटिमीटर जास्त. पाणी टायरच्या फक्त मधून उडत नाही, कडेनेही फेकलं जातं. पट्टा कापायला साधी सुरी चालत नाही. हॅक्सॉचं पान आणि साबणाचं पाणी लागतं, एका फ्लॅपला वीस मिनिटं.

वरच्या कडेला आतून ॲल्युमिनियमची पट्टी, मोठे वॉशर, चार बोल्ट. म्हणजे ओढ एका स्क्रूवर न येता सगळ्या कडेवर येते. पट्ट्या आणि बोल्ट २४० रुपये. दोन भोकं मेस्त्रींकडे नीट पाडून घेतली, मजुरी ४००.

१६ ऑगस्ट

दोन चुका. भोकं पाडल्यावर कडांना प्राइमर लावला नव्हता. आठवड्यात तिथे गंज. मलप्रभेच्या उगमाकडचा हा पट्टा, इथे उघडं लोखंड आठवडाभर टिकत नाही. सगळं सोडवून, पॉलिश पेपर मारून, ९० रुपयांचा प्राइमर लावून पुन्हा बसवलं. अर्धा दिवस गेला.

दुसरी चूक लांबीची. मी फ्लॅप जमिनीपासून ६ सेंटिमीटरवर आणला होता, जितका खाली तितका चांगला असं वाटून. एका अंगणात गाडी मागे घेताना उजवा फ्लॅप टायर आणि जांभ्याच्या चिऱ्यामध्ये सापडला आणि कोपरा फाटला. आता रिकाम्या गाडीला १३ सेंटिमीटर ठेवलाय, डिकी भरली की १० राहतात. टायरपासून मागे ६ सेंटिमीटर.

२१ ऑगस्ट

एका सकाळी फ्लॅप काढून आणि लावून, दुसऱ्या सकाळी उलट क्रमाने. ३० चा वेग. फ्लॅपशिवाय २.० आणि १.८. फ्लॅपसह ०.७ आणि ०.७.

ब्रेकचे दिवे आता नुसत्या बोटाने पुसले तरी लखलखीत. मी परात हातात धरून अंगणात उभा होतो आणि सौ.ला बोलावून ते दोन दिवे दाखवले.

पुढच्या चाकांनाही उरलेल्या पट्ट्याचे फ्लॅप लावले. दारं स्वच्छ राहायला लागली, काचेवर मात्र ०.६५. एवढा फरक माझ्या मोजण्यातच इकडेतिकडे होतो. काचेसाठी मागची दोनच चाकं धरा.

२ सप्टेंबर

चतुर्थीच्या आठवड्यात काही केलं नाही. पाहुणे होते.

पत्र्याचा विचार सोडवत नव्हता. यावेळी डिकीच्या दाराच्या वरच्या कडेला बोल्टने, छतापासून ४ सेंटिमीटर फट ठेवून, कडा दुमडून बोथट करून घेतल्या. वर्कशॉपचे ९०० रुपये. धागे पुन्हा लावले. वरच्या दोन ओळींचे धागे खाली वळले! खालच्या दोन तशाच वर. काचेचा वरचा तिसरा हिस्सा खरोखर स्वच्छ राहिला. एकूण वजन ०.६, पण आरशात बघायला हवा तो भाग बराचसा मोकळा.

५ सप्टेंबर

बोल्टच्या चार भोकांतून दोन ठिकाणी पाणी गळतंय. डिकीत कंटेनरच्या बुडाशी ओल. शिवाय ५० च्या पुढे शिट्टी वाजते. पत्रा काढला. ज्याच्या गाडीला मागे आयता स्पॉयलर बसवायची सोय आहे त्याने जरूर करून पाहावं. मी भोकं पाडून केलं ते करू नये. तीन भोकं प्राइमर आणि सिलिकॉनने बंद केली. चौथं, मधलं, उघडं ठेवलं.

८ सप्टेंबर

त्या मधल्या भोकातून आता काच धुवायला पाणी सोडायचं ठरवलं.

पुढच्या काचेला पाणी मारायचा १२ व्होल्टचा पंप २२० रुपयांना, नळी, नोझल आणि रबरी बूच १३० रुपयांना. दोन लिटरचा जुना कॅन डिकीच्या कोपऱ्यात. मागच्या काचेला वायपरसाठी भोक पाडता येईल का, हे आधीच विचारून झालं होतं. ही काच टफन्ड असते, ड्रिल लागलं की सगळीचा चुरा होतो. म्हणून नुसतं पाणी.

वायर आधी रिव्हर्सच्या दिव्यावर जोडली, म्हणजे गाडी मागे घेताना आपोआप काच धुतली जाईल. कॅन दुपारपर्यंत रिकामा. त्यातच एका अंगणात मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाबांच्या अंगावर पाणी उडालं. मी उतरून हात जोडले. आता डॅशबोर्डवर दाबायचं बटण आणि मध्ये फ्यूज.

चार सेकंद दाबलं की साधारण १२० मिलिलिटर पाणी जातं आणि ओला चिखल वरून खाली सरकत निघून जातो. पण ओला असेपर्यंतच. ऊन पडून दहा मिनिटं गेली की त्याच चिखलावर अर्धा लिटर मारा, हलत नाही. मुरूम संपून अंगणात शिरायच्या आधी दाबायची सवय लावली आहे. फ्लॅप नसताना हे पाणी पुरलं नसतं. थर जाड असेल तर पाण्याच्या नुसत्या वाटा पडतात, हेही एकदा फ्लॅप काढून पाहिलं.

१३ सप्टेंबर

एकूण खर्च ३,४३० रुपये, पेट्रोल सोडून. त्यातले कामाला आले ते १,३८०: पट्टा, पट्ट्या-बोल्ट, प्राइमर, मजुरी, पंप-नळी. अडीच महिने लागले. आता कुणी सुरुवात केली तर दोन रविवार पुरावेत.

संध्याकाळी त्याच आज्जींकडे जायचं होतं, त्यांची दुसरी गाय माजावर आली होती. वळणावर बटण दाबलं. अंगणात गाडी मागे घेताना आरशात काच, काचेत गोठ्याचा खांब, खांबाला बांधलेलं वासरू, आता चांगलं थोराड झालेलं, कान हलवत गाडीकडे बघणारं. आज्जी पायरीवर होत्या. "आज दिसलं न्हवं?" त्यांनी विचारलं. म्हटलं, दिसलं आज्जी, दावंसुद्धा दिसलं.

त्यांच्या मुलाचीही अशीच हॅचबॅक आहे, तो दूध घेऊन रोज खानापूरला जातो. उद्या सकाळी त्याच्या गाडीला पट्टा कापायचा आहे. त्याचा टायर साडेसोळा सेंटिमीटर, म्हणून फ्लॅप २३ रुंद. लांबी दुधाचा कॅन भरून गाडीत ठेवल्यावरच मोजायची, आणि प्राइमर आधी.